मोन्तोने गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन भाषा शिकायला काही महिने इटलीतल्या पेरुजा शहरात राहिले होते. तिथून मोन्तोनेला तीन वेळा जाणं झालं. परत आल्यापासून नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक, शिवाय त्यांच्या ओळखीतले, तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

हे गाव नेमकं कुठे आहे?

इटलीच्या मधोमध, उंब्रिया प्रांतात. या प्रांताला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे तो पर्यटकांच्या यादीत शेजारच्या तोस्कानाच्या मागे पडतो. पेरुजाहून उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एक टेकडी आहे, तिच्या डोक्यावर मोन्तोने वसलंय. एका अंगाला तिबेर, दुसऱ्या अंगाला कार्पिना नावाचा ओढा. हीच तिबेर पुढे रोमला जाते. इथे मात्र ती पावसाळ्याआधीच्या आपल्या एखाद्या कोकणी नदीएवढी दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थोडा हिरमोड होतोच.

नावाचा अर्थ काय?

इटालियनमध्ये ‘मोन्तोने’ म्हणजे मेंढा. गावाबाहेर डोंगरावर एक जुना किल्ला आहे, त्याचं नाव रोक्का द’आरिएस. आरिएस म्हणजेही मेंढा, आपली मेष रास.

किती मोठं आहे? तिथे सरपंच असतो का?

लोकसंख्या सुमारे १६००, तीही टेकडीवरचं गाव आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्या धरून. तटबंदीच्या आत राहणारे त्याहून खूप कमी. तरीही गावाला स्वतःची ‘कोमूने’ आहे, म्हणजे नगरपालिका म्हणा की ग्रामपंचायत म्हणा. इटलीत हा भेदच नाही. रोमलाही कोमूने, मोन्तोनेलाही कोमूने. तिचा प्रमुख ‘सिंदाको’ पाच वर्षांसाठी थेट लोक निवडतात, आणि समारंभात तो खांद्यावरून हिरवा-पांढरा-लाल पट्टा घालून येतो.

गावभर ज्याचं नाव दिसतं तो ब्राच्चो कोण?

चौकाला नाव फोर्तेब्राच्चो, तिथल्या प्रत्येक पाटीवर फोर्तेब्राच्चो. पूर्ण नाव आंद्रेआ फोर्तेब्राच्ची, इतिहासात प्रसिद्ध ‘ब्राच्चो दा मोन्तोने’ म्हणून. जन्म १३६८, मृत्यू १४२४. तो ‘कोंदोत्तिएरो’ होता. या शब्दाचं भाषांतर लोक ‘भाडोत्री सैनिक’ असं करतात, ते अपुरं आहे. ‘कोंदोत्ता’ म्हणजे करारनामा: अमुक इतके घोडेस्वार, अमुक इतके महिने, अमुक इतका पगार. असा करार करून स्वतःची फौज घेऊन लढणारा तो कोंदोत्तिएरो. आपल्याकडच्या शिलेदाराला स्वतःचा घोडा असे, याच्याकडे अख्खी पागा. करार संपला की पलीकडच्या बाजूलाही चाकरी, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्या काळच्या इटलीत लढण्याच्या दोन पद्धती मानत. एक मुत्सियो आत्तेन्दोलो स्फोर्त्सा या दुसऱ्या कोंदोत्तिएरोची: सैन्य एकवटून ठेवायचं आणि एकदम आदळायचं. दुसरी ब्राच्चोची: लहान लहान तुकड्या करायच्या, एक लढते तेव्हा दुसरी दम खाते, मग अदलाबदल. १२ जुलै १४१६ रोजी सान्त’एजिदियोच्या लढाईत त्याने पेरुजाच्या बाजूने लढणाऱ्या कार्लो मालातेस्ताला याच पद्धतीने हरवलं. सांगतात की त्या भर उन्हाळ्यात त्याने मागे पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. त्याच्या तुकड्या मागे येऊन पाणी पिऊन पुन्हा जात, आणि चिलखतातली समोरची फौज तहानेने बेजार. लढाईनंतर पेरुजा त्याच्या हाती आलं.

राज्य हाती आल्यावर त्याने बांधकामंही केली. त्रासिमेनो सरोवराचं पाणी काठच्या शेतांत शिरायचं, त्यासाठी त्याने जास्तीचं पाणी बाहेर काढणारा भूमिगत कालवा खोदवला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा हे काम मोठं.

शेवट मात्र वाईट झाला. १४२४ च्या जानेवारीत जुना प्रतिस्पर्धी स्फोर्त्सा पेस्कारा नदी ओलांडताना बुडून मेला. त्याच वर्षी जूनमध्ये लाक्वीलाच्या लढाईत ब्राच्चो जखमी होऊन पकडला गेला आणि दोन-तीन दिवसांत गेला. पोपने त्याला धर्मबाह्य ठरवलेलं असल्याने रोममध्ये त्याला पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं. पुढे पुतण्याने अवशेष पेरुजात आणले.

आणि तो ‘काटा’ काय प्रकार आहे?

‘सान्ता स्पीना’, पवित्र काटा. येशूला क्रुसावर चढवताना त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवला होता, त्यातला हा एक, अशी श्रद्धा. युरोपभर असे बरेच काटे आहेत, तेव्हा खरे-खोटेपणात मी पडत नाही. गावापुरती गोष्ट अशी: ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. तिथून मिळालेला हा काटा त्याने १४७३ मध्ये आपल्या गावाला दिला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो लोकांना दर्शनासाठी बाहेर काढतात.

मला यातली गंमत वाटते ती निराळीच. बापाला चर्चने बहिष्कृत केलं आणि मुलाने गावाला दिली ती चर्चची सगळ्यात मौल्यवान वस्तू. पण पोपशी जुळलं नाहीच. काही वर्षांतच, १४७७-७८ च्या सुमारास, पोप सिक्स्तुस चौथा याच्या फौजेने मोन्तोने घेतलं आणि फोर्तेब्राच्चींचा किल्ला पाडला. टेकडीच्या वरच्या टोकाला आज जे भग्न बुरूज दिसतात ते त्याचेच.

चर्च-म्युझियममध्ये वेळ नसेल तर काय एकच पाहावं?

सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या चर्चमधला बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ साली रंगवलेला ध्वज. ‘गोन्फालोने’ म्हणतात त्याला. कापडावर रंगवलेलं मोठं चित्र, जे संकटात गावातून मिरवणुकीने न्यायचं. येशूची आई मरिआ मध्ये उभी आहे, तिचा झगा दोन्ही बाजूंना पसरलेला आणि त्याखाली माणसं दाटीवाटीने गोळा झालेली. झगा कसला, पदरच तो. भोवती संत. आणि सगळ्यात खाली, नजर उतरवली की, तट आणि घरांसह छोटंसं मोन्तोने. किल्ला पाडला गेल्यानंतर चार-पाच वर्षांतलं हे चित्र. चित्रातल्या गावाकडे पाहून बाहेर यायचं, आणि तेच गाव समोर. मी आत-बाहेर दोनदा केलं, तिकीट देणाऱ्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

वेळ असेल तर तिथेच तेराव्या शतकातला लाकडी मूर्तींचा समूह पाहा. येशूला क्रुसावरून उतरवतानाचा प्रसंग आहे. त्याच वास्तूत आफ्रिकेतल्या वस्तूंचा संग्रहही आहे, नाव ‘बोलका ढोल’. उंब्रियातल्या टेकडीवर आफ्रिकन ढोल का, असं वाटेल. वाटू द्या, चांगला आहे.

उत्सव कधी असतो?

ऑगस्टमध्ये, काटा गावात आला त्या घटनेचा. गावाचे तीन ‘रिओने’ आहेत, आपण आळ्या किंवा पेठा म्हणू: पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोन्ते, पोर्ता देल व्हेर्त्सिएरे. तिन्हींची चढाओढ लागते. तिरंदाजी होते, जुने प्रसंग रस्त्यावर उभे करतात, आणि दुसऱ्या पेठेची टर उडवणारे जाहीरनामे मोठ्याने वाचतात. हा भाग ऐकण्यासारखा असतो, कारण भाषा कळली नाही तरी कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या ते चेहऱ्यावर दिसतं. प्रत्येक पेठेची स्वतःची खाणावळ, रांधणारे आणि वाढणारे पेठेतलेच. गणपतीत आपल्याकडे मंडळाच्या मांडवात जी धावपळ असते तीच, फक्त कपडे पंधराव्या शतकातले.

याशिवाय जुलैत चौकात पडदा लावून चित्रपट महोत्सव होतो, १९९७ पासून. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘फेस्ता देल बोस्को’, रानमेव्याची जत्रा: अळंबी, चेस्टनट, मध, आणि त्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी वासाची अळंबी.

यशवंत घाडगे यांचा या गावाशी काय संबंध?

महाराष्ट्रातून येणारा निम्मा पत्रव्यवहार याच एका प्रश्नाचा.

नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १९४४ च्या जूनमध्ये रोम पडल्यावर जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या, पण प्रत्येक डोंगराच्या सोंडेवर थांबून लढत होत्या. तिबेरच्या वरच्या खोऱ्यातून त्यांना मागे रेटण्याचं काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होतं. खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि वर बसलेल्याला खाली चालणारा प्रत्येक माणूस दिसतो. मोन्तोनेच्या तटावरून एकदा खाली बघा, हे सांगावं लागणार नाही.

१० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद. मग आणखी एकाला गोळी घातली. उरलेल्या दोघांसाठी मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने मारलं. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, तो पत्नीने स्वीकारला.

त्यांची समाधी सापडत नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, आणि माणगावला पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना माणगावच्या वाहतूक कोंडीत आपण सगळेच अडकतो. त्यातली दहा मिनिटं तिकडे गेली तर चालतील.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या, ५०,००० हून अधिक सैनिक. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. त्यात दुसरं मराठी नाव नामदेव जाधव यांचं, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणलं. ते परत आले आणि पुढे अनेक वर्षं जगले.

मोन्तोनेत घाडगे यांचं स्मारक आहे म्हणतात, ते कसं आहे?

आहे, आणि पुतळा नाही. सूर्यघडी आहे. मोन्तोनेची कोमूने आणि इटलीतले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून ती उभारली. जुलै २०२३ मध्ये भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत अनावरण झालं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय: ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’. आपण सारे एकाच सूर्याखाली. लॅटिन मोठमोठ्या गोष्टी बोलायला सोयीची भाषा आहे, पण सावलीने वेळ सांगणाऱ्या दगडावर हे वाक्य शोभतं.

गावातल्या लोकांना ते युद्ध आठवतं का?

आठवतं, पण आपण समजतो तसं नाही. आपल्या डोक्यात शौर्य असतं. तिथे पहिल्यांदा निघतं ते शेजारच्या उंबेर्तिदेचं नाव. २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिबेरवरचा पूल उडवायला बॉम्ब टाकले, ते बाजूच्या वस्तीवर पडले आणि ७० नागरिक मेले. म्हणजे सुटका करणाऱ्यांच्याच बॉम्बने. आणि योगायोग असा की २५ एप्रिल हाच पुढे इटलीचा मुक्तिदिन ठरला. उंबेर्तिदेत त्या तारखेला दोन्ही गोष्टी एकदम आठवाव्या लागतात.

तेव्हा तिथे गेल्यावर “आमच्या माणसाने तुम्हाला सोडवलं” असा सूर लावू नका. एका मराठी पाहुण्याने तो लावलेला मी ऐकलाय. समोरचे आजोबा हसले, मान डोलावली आणि पत्ते पिसायला लागले.

लोक पोट कशावर भरतात?

आज थोडी शेती, थोडं पर्यटन, आणि रोज सकाळी टेकडी उतरून खोऱ्यातल्या कारखान्यांत किंवा कचेऱ्यांत नोकरी. पण हे सगळं गेल्या साठ वर्षांतलं. त्याआधी शतकानुशतकं इथे ‘मेत्साद्रिया’ चालायची, आपली अर्धेली. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. कुळाच्या एकत्र कुटुंबाचा कर्ता ‘कापोच्चा’. कोणी कधी काय पेरायचं, मुलाचं लग्न कधी, सगळं तो ठरवणार. आणि त्याच्या डोक्यावर मालकाचा दिवाणजी, ‘फात्तोरे’. कोंबड्या-अंडीही सणासुदीला ठरल्याप्रमाणे मालकाघरी पोचवायची. मालकाला वाटलं तर वर्षाच्या शेवटी नोटीस, की कुटुंब गुरांढोरांसह रस्त्यावर. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद केले, पण तोवर तरुण पोरं कारखान्यांकडे निघून गेली होती.

डोंगरउतारावर जी दगडी एकटी घरं दिसतात ती या कुळांची. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वर यायची. आज त्यातल्या कितीतरी घरांत पोहण्याचा तलाव आहे आणि मालक इंग्लंडचा नाहीतर हॉलंडचा.

खोऱ्यात तंबाखू हे जुनं पीक. इथून उत्तरेला कोस्पाया नावाचा एक चिमुकला तुकडा आहे. १४४० मध्ये पोप आणि फ्लॉरेन्सने हद्द आखताना एकाच नावाच्या दोन ओढ्यांचा घोळ केला, आणि मधली पट्टी कुणाचीच राहिली नाही. तिथल्या लोकांनी १८२६ पर्यंत राजा नाही, कर नाही, अशा थाटात तंबाखू पिकवली. सर्व्हेअरची चूक जवळजवळ चारशे वर्षं पुरली.

खायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं भागेल का?

आरामात. सगळ्यात आधी ‘चाच्चा’ खा. पेरुजाकडे तिलाच ‘तोर्ता अल तेस्तो’ म्हणतात. ‘तेस्तो’ हा जाड गोल तवा, पूर्वी मातीचा आणि आता बिडाचा. तवा चांगला तापला की नाही ते बघायला बाई चिमूटभर पीठ टाकते. पीठ लगेच काळं पडलं तर तवा जास्त तापलाय, हळूहळू तांबूस झालं तर बरोबर. मग बोटाएवढी जाड पोळी टाकायची, काट्याने टोचायची, उलटायची. वाफ धरलेली असतानाच मधून चिरून आत पालेभाजी नाहीतर मेंढीच्या दुधाचं चीज भरायचं. भाकरी-पालेभाजीवर वाढलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

पाव मात्र अळणी लागेल. उंब्रियात पावात मीठ घालत नाहीत. १५४० मध्ये पोप पॉल तिसरा याने मिठावर कर वाढवला, पेरुजाने बंड केलं आणि मीठ टाकलं, अशी कथा कोणीही सांगेल. बंड खरं आहे, ते मोडून पोपने पेरुजात बांधलेल्या किल्ल्याचे अवशेषही अजून आहेत. पण पाव त्याआधीपासून अळणीच असावा, असं अभ्यासक म्हणतात. मिठावरून बंड म्हटल्यावर आपल्या मनात काय येतं ते वेगळं सांगत नाही.

शरद ऋतूत पांढरं त्रफल निघतं. कुत्रा वास काढतो, माणूस लहान कुदळीने उकरतो, आणि जागा बायकोलाही सांगत नाही. पास्त्यावर किसून खायचं, शिजवायचं नाही. महाग आहे, एकदाच खा.

गावातला रोजचा दिवस कसा असतो?

सकाळी बारमध्ये उभ्या-उभ्या कॉफी. ‘बार’ शब्दाने घाबरू नका, आपल्या अमृततुल्याचं काम तिथे बार करतो. एक ते चार गाव झोपतं. दारं बंद, फक्त मांजरं आणि मुंबईहून आलेले पाहुणे रस्त्यावर. संध्याकाळी चौकात फेऱ्या, पत्त्यांचा ‘ब्रिस्कोला’. ओळख नसली तरी समोरून येणाऱ्याला “बुओन्जोर्नो” म्हणायचंच. वयस्कर माणसाशी बोलताना ‘लेई’ वापरा, म्हणजे ‘अहो’. ‘तू’ म्हणालात तर परदेशी म्हणून माफ करतील, पण दखल घेतील.

तिथे एक युरोत घर मिळतं का?

नाही. त्या बातम्या सिसिलीतल्या सांबूका वगैरे गावांच्या.

कसं जायचं आणि कधी?

रोमहून पेरुजापर्यंत रेल्वे किंवा बस, पुढे उंबेर्तिदे, तिथून टेकडी चढायला गाडी हवीच. रविवारच्या बसच्या भरवशावर राहू नका. मी राहिले होते, आणि साधारण दहा किलोमीटर चालले. मे आणि सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये उत्सव बघायचा तर खोली आधीच घ्या.

१० जुलैला सूर्यघडीपाशी जाणारे बरेच जण दुपारी बारा वाजता पोचतात आणि सावली अजून तिरपी कशी म्हणून विचारतात. इटलीत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, शिवाय मोन्तोने प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरंच पश्चिमेला आहे. सूर्य खरोखर सगळ्यात उंच येतो तेव्हा मनगटावर सव्वा वाजून गेलेला असतो, आणि सगळं गाव जेवायला बसलेलं असतं.